केराचा आठवडा

जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत एक लाकडी पाटी दारोदार फिरत असते. ती ज्याच्या दाराला अडकवलेली असेल त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठड्यावरून ओले फडके फिरवायचे आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावून मोकळे व्हायचे. या प्रथेला इथे ‘केरवोख’ म्हणतात. ‘केरेन’ म्हणजे झाडणे आणि ‘वोख’ म्हणजे आठवडा. २०२२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ५३ व्या वर्षी, मी इथे राहायला आले तेव्हा या भाषेतला न शिकवता कळलेला हा पहिला शब्द, कारण केर काढणे मी पुण्याहून शिकूनच आले होते. दोन्ही शब्दांचे नाते खरे की तो नुसता योगायोग, ते भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे; मला त्या दिवशी योगायोगही पुरला. गंमत अशी की महापालिकेने १९८८ मध्येच या झाडलोटीची सक्ती काढून टाकली आहे. प्रथा मात्र भाडेकरारांतून आणि शेजाऱ्यांच्या नजरेतून टिकून आहे, आणि यांतली दुसरी गोष्ट पहिलीहून कडक आहे.

२०२५ च्या जून-जुलैत माझ्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसरात्र एकच विषय चालू होता. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा १६ एप्रिलचा शासन निर्णय, त्यावरून उठलेले रान, २९ जूनला सरकारने घेतलेली माघार, आणि त्यापाठोपाठ मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला झालेल्या मारहाणीची सगळीकडे फिरलेली चित्रफीत. गटात सरळ दोन तट पडले. पहिल्या तटाने मला साक्षीला बोलावले : ‘तू जर्मनीत आहेस, तूच सांग, तिथे जर्मन आल्याशिवाय चालते का? मग महाराष्ट्रात मराठीची अपेक्षा केली तर बिघडले कुठे?’ दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की पोटासाठी आलेल्या माणसाला कसली भाषा विचारता, त्याला जगू द्या. मी तेव्हा हात जोडल्याचे चिन्ह टाकून सुटका करून घेतली. उत्तर देण्याची इच्छा नव्हती असे नाही, पण ते एका ओळीत बसत नव्हते.

आधी माझे ‘चालते का’ ते सांगते. आमच्याकडे पन्नाशी म्हणजे आवराआवरीचे वय. घराचे हप्ते फिटलेले असतात, मुलगा मार्गी लागलेला असतो, गुडघे बोलू लागतात आणि माणूस गावाकडच्या जमिनीचे किंवा सोसायटीच्या कमिटीचे मनावर घेतो. माझ्या यजमानांच्या चाकणच्या कंपनीने त्यांना इथल्या मुख्य कचेरीत कायमची जागा देऊ केली तेव्हा मी भोसरीच्या एका सहकारी बँकेत २९ वर्षे काढलेली होती. नणंदबाई म्हणाल्या, ‘मुलामागे आईवडील परदेशी जातात हे समजते, तुम्ही कोणामागे निघालात?’ प्रश्न बोचरा होता, पण खोटा नव्हता. या वयातल्या स्थलांतराला आपल्याकडे नावच नाही. तरुण गेला तर करिअर, म्हातारा गेला तर नातवंडे. मधल्या माणसाने जायचे कशासाठी, याचे उत्तर त्याच्या स्वतःजवळही धड नसते. जर्मन कायद्यालाही या वयाची थोडी शंका आहेच : पंचेचाळिशी ओलांडलेला परदेशी कामगार इथे पहिल्यांदा नोकरीला येतो तेव्हा काही परवान्यांसाठी त्याला ठरावीक पगार तरी दाखवावा लागतो, नाहीतर म्हातारपणाची तजवीज केल्याचा पुरावा तरी.

जे हरवते ते लोक समजतात ते नव्हे. हवा, जेवण, सणवार यांची सवय होते. इथे इडलीचे पीठही मिळते आणि गणपतीही बसतो. हरवते ती ओळख, आणि तीही अगदी बारीकसारीक गोष्टींतली. नोटांचे पुडके अंगठ्याखालून सुटताना नुसत्या आवाजावरून मला कळे की मध्ये एक नोट दुमडलेली आहे. हे माझे कसब होते. आमच्या शाखेत ते शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना माहीत होते, आणि श्टुटगार्टमध्ये ते कोणालाच माहीत नव्हते आणि माहीत करून द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हते. इथे मी पोस्टाच्या पेटीतून आलेली पत्रे दिवाणखान्यात मांडून बसणारी, त्यांतली कोणती महत्त्वाची आणि कोणती जाहिरात हेही न कळणारी एक निरक्षर बाई झाले. माझी आजी मनिऑर्डरवर अंगठा उठवीत असे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचे ते काय होते, हे मला ५३ व्या वर्षी कळले.

मग वर्ग सुरू झाला. जर्मन सरकारचा हा ‘एकात्मता अभ्यासक्रम’ साधारणपणे ७०० तासांचा असतो : ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचा इतिहास, कायदा आणि रीतिभाती. खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते. आपला वाटा आपण भरायचा आणि तेव्हा दोन वर्षांच्या आत अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालो की त्यातलाही निम्मा परत मिळत असे. आमच्या वर्गात एकोणीस जण होते. सीरियाचा एक केशकर्तनकार, दोन ब्राझिलियन मुली, खारकीव्हहून आलेली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी एक निवृत्त अभियंता आणि बाकीचे तिशीच्या आतले. व्याकरण आम्हा दोघी थोराड बायकांना बरे जमे, कारण ते घोकता येते. घात होई तो ऐकण्यात. ध्वनिमुद्रित संभाषण दोनदाच लावत, आणि पन्नाशीनंतरच्या कानाला शब्दाच्या शेवटची ‘त’ आणि ‘स’ ही अक्षरे नीट ऐकूच येत नाहीत. जर्मनमध्ये तर सगळा अर्थ शेवटी येऊन बसलेला असतो. ती युक्रेनी बाई आणि मी पुढच्या बाकावर ध्वनिवर्धकाकडे मान वाकडी करून बसत असू, रेडिओवर जुने नाट्यपद लागले की माझे आजोबा बसत तशा.

एकाच दिवशी मी वर्गात पहिली आले, तो दिवस आकड्यांचा. जर्मन माणूस २१ ला ‘एक-आणि-वीस’ म्हणतो, ४५ ला ‘पाच-आणि-चाळीस’. ब्राझीलच्या मुली उलटसुलट होऊन रडकुंडीला आल्या, पण ज्या बाईने जन्मभर एकवीस, पंचवीस, पंचेचाळीस असेच पैसे मोजले तिला यात अवघड ते काय? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘चाळीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली होती आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, हे मला त्या वर्गात आठवले. मुलांना जोडाक्षरे आणि उलटा क्रम जड जातो म्हणून ती सोय सुचवली होती, आणि आम्ही बँकेत चहा पिता पिता तिची यथेच्छ टिंगल केली होती. श्टुटगार्टच्या त्या वर्गात रडवेल्या चेहऱ्यांकडे पाहताना प्रथमच वाटले की त्या पुस्तकवाल्यांचे दुखणे अगदीच काल्पनिक नव्हते. मराठीची तीन लिंगेही इथे कामी येतात आणि दगाही देतात. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगीच, पण सूर्य इथे बाई आहे आणि सुरी नपुंसक.

तथापि भाषा मला वर्गाने जितकी दिली तितकीच शेजारच्या दाराने दिली, आणि त्याचे कारण जरा वेगळे आहे. श्टुटगार्टमधला तरुण दुकानदार, डॉक्टरांची स्वागतिका, गाडीतला तिकीट तपासनीस, माझे पहिले अडखळते वाक्य ऐकताच इंग्रजीवर येतो. तो हे अदबीने करतो, मला त्रास होऊ नये म्हणून करतो. पण तो इंग्रजीवर आला की माझे रात्रभर जुळवलेले वाक्य घशात राहते, आणि असे दिवसातून सहा वेळा झाले की माणूस वाक्ये जुळवणे सोडून देतो. शेजारच्या आजींना मात्र इंग्रजी येत नाही. त्या ७९ वर्षांच्या आहेत, आणि शुद्ध जर्मनही त्या फारशी बोलत नाहीत. त्यांची बोली श्वाबिश, जिच्यात प्रत्येक नामाला लाडाने ‘ले’ लावतात, आपल्याकडे कोकणात पोरीला ‘गो’ म्हणावे तसे. या प्रांताने पूर्वी आपल्या जाहिरातीतच लिहिले होते की आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. आजींनी मला जिना कसा पुसायचा ते तीनदा दाखवले, कारण पहिल्या दोन्ही वेळा मी वरून खाली न येता खालून वर गेले होते. त्या दाखवत होत्या तोवर बोलत होत्या, आणि मला कळत नाही म्हणून थांबल्या नाहीत. त्यांच्यापाशी दुसरी भाषाच नव्हती. वर्षभराने त्यांनी मला ‘झी’ सोडून ‘दू’ म्हणायला सांगितले. तुम्ही आणि तू यांच्यामधले अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मी घरात येऊन यजमानांना फोन केला आणि ते म्हणाले, ‘बरं, मग?’ त्यांची कचेरी पूर्ण इंग्रजीत चालते आणि तीन वर्षांत त्यांची जर्मन भाकरीच्या दुकानापलीकडे गेलेली नाही.

आजींच्या दारात उभी राहून मला भोसरीची माझी खिडकी दिसू लागली. आमच्या शाखेत खाते असलेल्यांत निम्मे कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले. मी त्यांच्याशी कधीही उद्धटपणे वागले नाही, याचा मला अभिमान होता. मी त्यांच्याशी हिंदीत बोलत असे. अकरा-अकरा वर्षे दर महिन्याला पैसे पाठवायला येणारा माणूस, त्याचे नाव, गाव, मुलीची इयत्ता मला पाठ, आणि त्या अकरा वर्षांत मी त्याला मराठीतले एक वाक्य ऐकवले नाही. घरी जेवताना मात्र ‘यांना इतकी वर्षे राहून मराठी येत नाही’ हे मीच म्हणत असे. एकदा एक जण आपल्या आईला खाते उघडायला घेऊन आला. साठीची बाई, नवरा गेल्यावर दरभंग्याहून मुलाच्या खोलीवर राहायला आलेली. तिला मैथिली येत होती. हिंदीही जेमतेम. मी ‘यहाँ अंगूठा, माताजी’ म्हटले, शाईचा डबा पुढे केला, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मुलाने तिचा हात धरून टेकवला. ‘होईल सवय’ असे मी त्याला म्हणाले. ती दिवसभर त्या खोलीत कोणाशी बोलत असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. साठीला नवे शहर तिलाही लागले होते. फक्त तिच्यासाठी ७०० तास कोणी ठेवले नव्हते आणि तिच्या शेजारणीही तिच्याशी माझ्यासारख्याच सोयीचे बोलत असणार.

म्हणून पहिल्या तटाला माझे उत्तर असे आहे : होय, जर्मनीत जर्मनशिवाय चालत नाही, आणि ते न चालणे मला मानवले. कोणी मला वयाची सूट दिली नाही यात माझा अपमान झाला नाही, उलट ‘तुमचे आता वय झाले, राहू द्या’ हेच शब्द मला अधिक लागले असते. पण जर्मनीचा दाखला देताना तो अर्धा देऊ नये. या देशाने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. ते परत जातील असे गृहीत धरले, त्यांना भाषा शिकवण्याची तसदी घेतली नाही, आणि मग त्यांना भाषा येत नाही म्हणून दशकानुदशके नाके मुरडली. सर्वांसाठी सरकारी अभ्यासक्रम आला तो २००५ मध्ये, म्हणजे पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी. आणि २०२४ च्या नव्या नागरिकत्व कायद्याने ३० जून १९७४ पूर्वी पश्चिम जर्मनीत आलेल्या त्या वृद्ध कामगारांना लेखी भाषापरीक्षा आणि नागरिकत्वाची चाचणी माफ केली. रोजच्या बोलण्यापुरते जर्मन आले की पुरे. ज्याला शिकवले नाही त्याची परीक्षा घेऊ नये, इतका साधा हिशोब मान्य करायला या शिस्तीच्या देशालाही इतका काळ लागला. आपण त्यांची चूक सोडून त्यांची अट तेवढी उचलायला निघालो आहोत.

शिवाय माझी आणि दरभंग्याच्या बाईची तुलना दुसऱ्याही ठिकाणी तुटते. मी इथे परवान्यावर आहे. ती महाराष्ट्रात स्वतःच्या देशात आहे, आणि देशात कुठेही राहण्याचा तिचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमातला आहे, कोणाच्या मेहेरबानीतला नाही. तिला भाषेवरून हात लावणारा माणूस मराठीचे काम करत नाही, ते काम अवघड करतो. थप्पड खाऊन माणूस दोन वाक्ये पाठ करेल, पण नंतर कोणाशी बोलायला जाणार नाही, आणि न बोलता भाषा येत नाही हे मी ७०० तासांचे शुल्क भरून शिकले आहे.

पण दुसऱ्या तटाच्या ‘जगू द्या’मध्येही मला आता दयेपेक्षा आळस जास्त दिसतो. मराठी न येणारा कामगार रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, मुलाच्या शाळेत कायमचा दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो, आणि आपण हिंदीवर उतरून त्याला तिथेच ठेवतो. या वादात एक गोष्ट दोन्ही देशांत सारखी आढळते ती ही की भाषेचा आग्रह ज्याच्या खिशात कमी त्याच्याकडे जास्त धरला जातो. माझ्या यजमानांना जर्मन येत नाही म्हणून श्टुटगार्टमध्ये कोणी भुवई उंचावत नाही, कारण ते गाड्यांचे अभियंते आहेत. ती उंचावते सीरियन केशकर्तनकारावर. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत वीस वर्षे काढून ‘थोडा थोडा समझता है’वर थांबलेल्या साहेबांना कोणी जाब विचारायला जात नाही, जातात ते दुकानाच्या गल्ल्यावर आणि रिक्षाच्या रांगेत. त्या साहेबांबद्दल, खरे सांगायचे तर, मला काडीची सहानुभूती नाही. त्यांना वेळ आहे, पैसा आहे, आंतरजाल आहे. नाही ती गरज.

आणि साधनांचा प्रश्न म्हणाल तर ती अगदीच नाहीत असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी प्रौढांसाठी ‘मायमराठी’ ही पाठ्यमाला केली आहे. परकी भाषा शिकवण्याचे आधुनिक तंत्र ज्यांच्या हाताशी होते त्यांनी ते मराठीसाठी वापरले, ही मला फार योग्य गोष्ट वाटते. मात्र भोसरीत २९ वर्षे बसून माझ्या एकाही ग्राहकाच्या तोंडून ‘मी मराठीच्या वर्गाला जातो’ असे मला ऐकू आले नाही. पुस्तक आहे, पण पाळी सुटल्यावर संध्याकाळी सातला, कारखान्याच्या फाटकापासून चालत जाता येईल अशा खोलीतला वर्ग नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच राज्याची श्टुटगार्ट ही राजधानी. त्यासाठी आपल्या तरुणांना जर्मन शिकवण्याची योजनाही शासनाने आखली. ती मला पटते. फक्त जाणाऱ्याला परक्याची भाषा शिकवण्याचा विचार जितक्या सहज सुचला, तितक्याच सहज येणाऱ्याला आपली शिकवण्याचा सुचला असता तर २०२५ च्या जुलैत माझ्या गटावर बोलायला दुसरे काही राहिले असते.

मी आता आठवड्यातून तीन दिवस एका शाळेच्या भोजनगृहात वाढायला जाते. २०२५ मध्ये महिना ५५६ युरोंपर्यंत कमावता येणारी जी छोटी नोकरी असते, त्यातली ही. नणंदबाईंना ते रुचलेले नाही. बँकेतल्या अधिकाऱ्याने पळी हाती घ्यावी हे त्यांच्या हिशोबात बसत नाही. मुले मात्र माझ्या चुका तोंडावर सुधारतात, इंग्रजीवर येत नाहीत, आणि मी एखाद्या शब्दाला आजींचा ‘ले’ लावला की हसून लोळतात, कारण त्यांच्या मते तसे फक्त म्हाताऱ्या बायका बोलतात.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला होते. आमच्या सोसायटीचा रात्रीचा पहारेकरी ओडिशाचा, चार वर्षांपूर्वीपासूनचा. सगळी इमारत त्याच्याशी हिंदीत बोलते, मीही बोलत असे. या खेपेला मी पहिल्या दिवसापासून मराठीत सुरुवात केली, सावकाश, आणि तो हिंदीत उत्तर देई तरी मी मराठी सोडली नाही. यजमान म्हणाले, बिचाऱ्याला का छळतेस. दुसऱ्या आठवड्यात त्याने एकदा ‘जरा हळू’ म्हटले. निघायच्या पहाटे टॅक्सी फाटकाशी उभी होती, मी बॅग ओढत होते, तेव्हा तो खुर्चीवरून उठून आला आणि म्हणाला, ‘मॅडम, बॅग जड आहे, मी घेते.’ चांगला मिशाळ माणूस. तीन आठवडे त्याच्याशी मराठीत बोलणारी मी एकटीच होते, तेव्हा दुसरे रूप त्याने ऐकणार कोणाकडून? मी ‘घ्या’ म्हटले आणि बॅग त्याच्या हातात दिली.